काज-बटणातली कादंबरी

सोमवार, ३ जून

सुटले! आज पुन्हा एका शर्टाची बाही मी त्याच्याच खिशाला शिवून टाकली. मावशी बटणं लावते, आमच्या शर्टांच्या कारखान्यातल्या काज-बटण विभागात सगळ्यांत जुनी. ती म्हणाली, "हिच्या हातात सुई म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हिला वाचायला बसवा. तोंड तरी सरळ चालतं." ठरलं. माझ्या वाटणीचे शर्ट बाकीच्या वाटून घेणार, मी मोठ्यांदा वाचणार. रद्दीतून आणलेली एक रहस्यकादंबरी होतीच पिशवीत. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

मंगळवार, ४ जून

पकडलं! 'मोजपट्टी'ने. म्हणजे आमच्या सुपरवायझरबाई. गळ्यात कायम टेप, आणि बोलण्याआधी "हं".

"हं. ही काय शाळा आहे?"

मावशी म्हणाली, "बाई, ऐकताना तोंडं बंद राहतात, हात चालू राहतात. शनिवारपर्यंत बघा तर खरं."

मिळाली मुदत. पण एक जरी शर्ट चुकीचा निघाला, तर पुस्तक बंद आणि मी परत सुईवर. नको गं बाई!

शनिवार, ८ जून

एकही शर्ट परत आला नाही! मोजपट्टीने उलटेसुलटे करून बघितले, "हं" केलं आणि गेली. वाचन चालू.

मावशी आणि इस्त्रीवाली यांचं खिडकीवरून रोजचं भांडण. एकीला उघडी हवी, एकीला बंद. ते कधी थांबलं कळलंच नाही. आता भांडतात कादंबरीवरून. डोंगरातल्या हॉटेलातून एका मुलीचा भाऊ गायब झालाय. मावशीला आचाऱ्याचा संशय. इस्त्रीवाली म्हणते, "कोणी पळवलं नाही. कामं टाळायला स्वतःच लपलाय. आमच्या ह्यांचा भाऊ दिसतोय."

वाचनाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझ्यात तसं काही दिसत नाही. पण मोबाइल घरी विसरून आले, आणि ते संध्याकाळी लक्षात आलं!

सोमवार, १० जून

आवाज बसला. मावशीने आपल्या डब्यातलं मीठ दिलं गुळण्या करायला. माझी एवढी काळजी आईनेही कधी घेतली नाही.

मंगळवार, ११ जून

घात झाला!! शेवटची पानंच नाहीत. पान उलटलं तर समोर पुठ्ठा. मावशीची सुई हवेत थांबलेली. आता?

मी पुठ्ठ्याकडे बघून वाचत राहिले. "तेवढ्यात दार उघडलं..." कोण आलं ते मलाच माहीत नाही! नेमकी काचेपलीकडून मोजपट्टी चालली होती. मग काय, हॉटेलची मालकीण आली. चष्म्याच्या वरून बघणारी, बोलण्याआधी हं करणारी. इस्त्रीवालीला असा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

गुरुवार, १३ जून

मालकीण रंगात आलीय. नोकरांचा चहा मापून देते, पाहुण्यांना उशा मोजून. भावाला तिनेच तळघरात कोंडलंय. मावशी म्हणाली, "लिहिणाऱ्याने बाईला अगदी बरोबर ओळखलंय." म्हणजे कळलं की काय हिला? छे, मी पुस्तक छातीशी धरून वाचते. आणि खरं सांगू? खोटं वाचण्यात जास्त मजा येते.

शुक्रवार, १४ जून

जाहीर करून टाकलं: उद्या मालकीण विहिरीत पडणार! टाळ्या. मग टाळ्या एकदम थांबल्या. दारात मोजपट्टी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

हात पुढे केला. "हं. पुस्तक दे. घरी नेते."

मेले. पुठ्ठा बघणार, सगळं कळणार. गंमत म्हणजे सुईची भीती वाटत नाही. आपल्या वात्रटपणापायी या बायकांचं ऐकणं बंद होणार, त्याचं वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

शनिवार, १५ जून

पोटदुखीची रजा टाकणार होते. पोट खरंच दुखत होतं. तरी गेले. मोजपट्टी आलीच नाही, पुस्तकही नाही. मी धागे कापत बसले. दिवसभर खिडकी उघड, खिडकी लाव. संध्याकाळी एक शर्ट परत आला. मावशीच्या हातचा!

सोमवार, १७ जून

मोजपट्टीने मला बाजूला घेतलं, पुस्तक हातात ठेवलं. "हं. मालकिणीला आज मारू नकोस. नवरा पोरीला घेऊन निघून गेला, तेव्हापासून ती अशी झाली. तेवढं वाचायचं राहिलंय तुझं. आज तेच वाच."

मी पुठ्ठा उघडला आणि वाचलं. ती दारातच उभी होती. मावशीने बाकावर सरकून तिला जागा करून दिली.