मुद्दाम चुकवलेली उत्तरं

४ जुलै

आज बुद्धिचाचणी! आमच्या फुटबॉल क्लबने यंदा नवीन खूळ काढलंय — मोसम सुरू व्हायच्या आधी सगळ्या खेळाडूंची घ्यायची. जिमशेजारच्या खोलीत ओळीने संगणक. आकृत्या लक्षात ठेवा, आकडे उलटे सांगा, असलं काहीबाही. कप्तान आधीच्या क्लबात हे सगळं करून आलाय. त्याने सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं, "वाईटच द्यायची. पुढे डोक्याला मार बसला की हीच परत घेतात. आकडा घसरला की बसवतात बाकावर. आधीच तळाला असलास तर घसरणार कुठे?"

मी निम्मी उत्तरं मुद्दाम चुकवली. मजा आली!

घरी लेकीला म्हटलं, आज बाबाची परीक्षा होती. तर म्हणते, "बाबा, तू बॉलला मारतोस की बॉल तुला?" हसून हसून पुरेवाट.

९ जुलै

घात झाला. नव्या कोचसरांनी आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवले. "ज्याचं डोकं चालतं तोच या खेळात टिकतो. पुढच्या वर्षीचे करार मी हे बघूनच करणार." एक कोवळा मिडफिल्डर पहिला आला, त्याचं लगेच 'प्रोफेसर' नाव पडलं. आमचा स्ट्रायकर ढब्बू सगळ्यात शेवटी. त्याच्यावर मी. कप्तान खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. बांधलेलीच होती!

आता पस्तिशीला आलेल्या डिफेंडरला दुसरा कोण घेणार?

२० ऑगस्ट

आतापर्यंतचे जवळजवळ सगळे गोल ढब्बूचे. प्रोफेसरच्या पायाशी चेंडू आला की तो विचारात पडतो, तोवर चेंडू गेलेला असतो. मग हा आकडा सांगतो तरी काय? चाचणी घेणाऱ्या मानसतज्ज्ञ बाईंना जिन्यात गाठून विचारलं. त्या प्रामाणिक निघाल्या. "तुम्ही खेळणार कसे, ते यातून नाही हो कळत. तुमच्या सरांना सांगून थकले मी."

बरं वाटलं. कॉर्नर मारणाऱ्याच्या कमरेकडे बघून चेंडू कुठे पडणार ते मला कळतं. तिथे जायचं आणि डोकं घालायचं. त्यावरच तर इतकी वर्षं निभावली. संगणक ते विचारतच नाही.

डोकं ठणकतंय. सामन्यानंतर ठणकतंच.

२ सप्टेंबर

बाकावर. पूर्ण सामना. फार वाईट वाटलं.

११ सप्टेंबर

जेवताना बायकोला लेकीची गंमत सांगितली — तू बॉलला मारतोस की बॉल तुला! मी एकटाच हसलो. बायको म्हणाली, "काल सांगितलीस. परवाही." लेक ताटात बघत बसली. चांगली गोष्ट माणूस दोनदा सांगतो, त्यात काय एवढं?

२४ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो. बचाव फळीतला एक जण जायबंदी झाला म्हणून सरांनी मला उतरवलं. जीव तोडून खेळलो. शेवटी शेवटी समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला आणि मी जाऊन उभा राहिलो गोलाच्या जवळच्या खांबाशी. ती जागा जुन्या सरांच्या वेळची! यंदा माझी जागा मध्ये — रोज सराव केलाय, पाठ आहे. कप्तान ओरडत होता, मला वाटलं दुसऱ्याच कुणावर ओरडतोय. त्यांनी मधूनच आरामात गोल केला. हरलो.

ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी म्हणालं, "आकडा खोटं बोलत नाही!" सगळे हसले. ढब्बू नाही हसला. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून गेला. गाडीत बसून रडलो.

बायको म्हणते, "करार गेला खड्ड्यात. तू आधी डॉक्टरकडे चल." हिला कसं समजावू? मी मठ्ठ नाही. मी फक्त उत्तरं चुकवली होती!

२६ सप्टेंबर

बाईंकडे जाऊन सगळं ओकलो. वाटलं, रागावतील. "असं करणारे तुम्ही एकटे नाही हो," म्हणाल्या. परवा परत बसू देणार आहेत. आता दाखवतोच सरांना! निघताना बाई आणखी काहीबाही विचारत होत्या — झोप लागते का, चिडचिड होते का, नावं आठवतात का. हो हो करून सटकलो.

बायकोला सांगितलं. तिने नुसता माझा हात धरून ठेवला.

२८ सप्टेंबर

रात्री छान झोप झाली होती. डोकंही दुखत नव्हतं. एकही उत्तर मुद्दाम चुकवलं नाही. अगदी जीव ओतून दिली.

आकडा तोच आला.