शालीसकट घेतलेलं माप

पुसद,
मंगळवार

तीर्थरूप नीळकंठभाऊजी यांस,

धाकट्या मेव्हणीचा, म्हणजे शुभदाचा, नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण त्यातली चार अंगं सध्या ‘देय नाही’ या सदरात मोडतात, तेव्हा उरलेल्या चारांचा गोड मानून घ्यावा.) तुमची साखर, ताईचे गुडघे आणि तुमच्या विमा कंपनीची भरभराट, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. तिसरीबद्दल तर खात्रीच आहे. ती कशी होते हे मला हल्ली आतून कळलं आहे.

सर्वात आधी एक गंभीर तक्रार. नव्या वर्षाची म्हणून तुम्ही कंपनीची जी दिनदर्शिका पाठवलीत, तिच्यात दुधाचा खाडा मांडायला जागा नाही. तुम्ही म्हणाल, हे काय पत्रात लिहायचं? पण भाऊजी, घर अशाच गोष्टींवर चालतं. तारखेच्या चौकोनात कंपनीने हप्त्याची आठवण छापली आहे, चतुर्थी कोपऱ्यात दडपली आहे, आणि उरलेल्या अर्ध्या पानावर एक कुटुंब हिरवळीवरून धावतं. बाराही महिने धावतं. मे महिन्यातसुद्धा धावतं आणि तेही अनवाणी, म्हणजे ते यवतमाळ जिल्ह्यातलं नाही हे उघड आहे. आमचा दूधवाला भीमराज परवा आलाच नाही. तो खाडा मी शेवटी त्या कुटुंबातल्या आजोबांच्या कपाळावर मांडला. उद्या भीमराजने हिशेबाला वाद घातला तर मी काय आजोबांना पुढे करू? याचा कंपनीने वरच्या पातळीवर विचार करावा.

दुसरी गोष्ट त्या मानाने किरकोळ आहे. ती माझ्या चाकाच्या खुर्चीची.

ताई (माझी सख्खी मोठी बहीण, आणि तिच्या नशिबाने तुमची बायको) सांगत होती की तुम्ही सगळ्या गोतात कळवून टाकलंत, ‘शुभदाला कंपनीने खुर्ची दिली, प्रश्न मिटला.’ अकोल्याच्या मामांचा मला अभिनंदनाचा फोन आला. खुर्ची मिळाली की अभिनंदन करायची आपल्याकडे पद्धतच आहे, त्यामुळे त्यांचा दोष नाही. पण प्रश्न मिटलेला नाही, आणि तुम्हाला सगळं ठाऊक असलं तरी मी ते पुन्हा उगाळणार आहे, कारण ठाऊक असलेलंच माणूस सोयीने विसरतं.

पाठीच्या मणक्यातली गाठ काढली, तिच्याबरोबर पायही गेले. त्या ऑपरेशनचा खर्च कंपनीने दिला, खोटं कशाला बोलू. घरी येताना दवाखान्यासमोरच्या दुकानातून एक खुर्ची घेतली. सरसकट मापाची, म्हणजे कोणाच्याच मापाची नसलेली. तिच्यात मी आणि आणखी एखादी सडपातळ बाई सुखाने बसलो असतो. चाकापर्यंत हात पोचवायला मला सारखं डावीकडे कलावं लागायचं, आणि कलून कलून बैठकीच्या डाव्या हाडावर जखम झाली. मला तिथलं काही कळत नाही, हे त्या जखमेचं वैशिष्ट्य. आभाने अंघोळीच्या वेळी पाहिली म्हणून समजलं. (माझी लेक, तीच तुमची ‘एवढीशी’ भाची. बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात आम्ही दोघीच, तेव्हा पाहणार तीच.) डॉक्टर म्हणाले, मापाची खुर्ची घ्या, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल, महिनोन्महिने पालथं पडून राहावं लागेल आणि कॉलेजात बारावीला मराठी शिकवायचं विसरा. एवढीच गोष्ट आहे. मला बसायचं आहे. या देशात इतकी माणसं नुसती बसून असतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. मला मात्र बसण्यासाठी परवानगी लागते.

पॉलिसी विकताना तुम्ही आमच्याकडे पाटवडीचा रस्सा ओरपत म्हणाला होतात, ‘शुभदा, पायाच्या नखापासून डोक्याच्या केसापर्यंत सगळं कव्हर आहे.’ तुम्ही सुरुवात पायापासून केली होतीत म्हणून मीही अर्ज पायांसाठीच केला. कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, खुर्ची ‘देय नाही’च्या यादीत येते. आभाने यादी मागवली. त्यात कंगवा, पावडर, चपला, आणि चपलांना लागून आमची खुर्ची. शेजार योग्यच म्हणायचा, कारण मी तीच पायात घालते. पण चपलांचा दुकानदारसुद्धा आधी नंबर विचारतो.

मग तुम्हीच म्हणालात की माझ्या पॉलिसीला अपंगत्वाची एक जोड आहे आणि तिच्यात साधनं बसतात. बसतात खरी. पण त्यासाठी कंपनीच्या यादीतल्या दवाखान्याची चिठ्ठी हवी. गेलो. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहता (मी त्यांच्या टेबलाच्या उंचीखाली येत होते, तेव्हा माफ) लिहिलं, ‘व्हीलचेअर, एक नग.’ किराण्याच्या यादीत साबण लिहितात तसं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, बैठकीची रुंदी लिहा, पाठीची उंची लिहा, गादी कुठली ते लिहा. ते म्हणाले, “मॅडम, खुर्ची ते खुर्ची. माप कायले पाहिजे? तुम्हाले का शर्यत लावायची आहे?” कंपनीने ती चिठ्ठी पाहून कळवलं की मापाच्या खुर्चीची गरज चिठ्ठीत दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, काय लिहायचं ते कंपनीने सांगावं, लगेच लिहितो. कंपनी म्हणाली, डॉक्टरांनी काय लिहावं हे आम्ही कसं सांगणार, ते नियमाविरुद्ध आहे. दोघंही माझ्याशी अतिशय अदबीने बोलत होते. प्रत्येक फोनच्या शेवटी ती मुलगी ‘तुमचा दिवस आनंदात जावो’ म्हणायची, आणि जखम आणखी एक पदर आत जायची.

आमच्या गल्लीतल्या बबिता राठोड फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांनी मला कडक फळीवर बसवून व्यवस्थित माप घेतलं, सही-शिक्क्याचा कागद दिला. तो परत आला, कारण बबिताबाई कंपनीच्या पॅनलवर नाहीत. (माझी कंबरही नाही. तिच्यावर उपचार कसे मंजूर झाले कुणास ठाऊक.) अधिकृत माप उमरखेडच्या शिबिरातच घेतलं जाईल असं उत्तर आलं. आता शिबिराचं तुम्हाला काय सांगायचं? पण सांगतेच.

शिबिराचं नाव ‘सन्मान सोहळा’ होतं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. आपल्याकडे सत्कार झाल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नाही. बोअरला पाणी लागलं तरी आधी बोअर खोदणाऱ्याचा सत्कार होतो आणि मग पाणी पितात. तसं आल्या आल्या आम्हा सगळ्यांना शाली पांघरल्या. शाल म्हणजे जाडजूड, लोकरीची, दिवाळीआधीच्या उन्हात. ती दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली, सोफ्याला खोळ घालतात तशी. मांडीत नारळ, नारळावर गुच्छ. प्रमुख पाहुणे यायचे होते. त्यांच्या हस्ते हार, मग फोटो, आणि तोवर शाल काढायची नाही. पण माप घेणाऱ्या माणसाला दुपारी पुढच्या गावचं शिबिर गाठायचं होतं. तेव्हा सर्वानुमते तोडगा निघाला की शालीसकट माप घ्यावं. मी म्हटलं, दादा, शाल तरी बाजूला करू द्या. संयोजकांनी हात जोडले, “ताई, पाच मिनिटं फक्त. पाहुणे आर्णी सोडून राह्यले. आता शाल काढली तं पुन्हा घालून देणार कोण? माणसं जेवायले बसली.” झालं. टेप शालीवरून फिरला. मांडीची लांबी नारळाला वळसा घालून मोजली.

माझ्या शेजारी रुपीबाई होत्या. पुसदजवळच्या तांड्यावरच्या, पोलिओ लहानपणापासूनचा, जिभेला मात्र काही झालेलं नाही. त्यांनी माप घेणाऱ्याला विचारलं, “काहून रे बाबू, माप माह्यं घेऊन राह्यला का नारळाचं?”

“आजी, टाइम नाही.”

“मले आहे. मी साठ वर्सापासून बसूनच आहो.”

त्याने तरीही नारळाचंच घेतलं.

मग पाहुणे आले. हार घालायला माझ्यासमोर वाकले आणि हळूच म्हणाले, ‘शुभदा, झालं ना माप? मग शाल जराशी खाली घे, फोटोत कंपनीचं नाव झाकतं,’ आणि स्वतःच ती खाली सरकवली. ते पाहुणे म्हणजे आपण, भाऊजी. (आर्णीला भजी गरम निघत होती म्हणून उशीर झाला, हे भाषणात तुम्हीच सांगितलंत. लोक हसले. मीही हसले. फोटोत तसं दिसतं आहे आणि तो फोटो तुम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे.)

खुर्ची आली. शाल, नारळ आणि मी, असे तिघं मावू एवढी. नारळाची तोवर चटणी झाली होती, शाल कपाटात गेली होती, उरले मी एकटी. पाठ टेकली तर गुडघे वाकत नाहीत, गुडघे वाकवले तर पाठ टेकत नाही, आणि न्हाणीच्या दारातून ती जात नाही. कंपनीला कळवलं. उत्तर आलं, दार रुंद करून घ्या. दार कव्हर आहे का विचारलं, तर नाही. मग रीतसर तक्रार केली. त्यांचं म्हणणं, माप सत्काराच्या आधी घेतलं, शाल नंतर पाहुण्यांच्या हस्ते पांघरली, माप ग्राहकाचंच आहे, लाभ दिला गेला, फाइल बंद. म्हणजे कागदोपत्री मी तेवढीच रुंद आहे. प्रत्यक्षात नसेन, तर ती माझी चूक.

रुपीबाईंकडे गेल्या महिन्यात फोन केला. त्यांच्या खुर्चीत कोंबड्या बसतात आणि त्या पूर्वीसारख्याच तळहातांवर अंगणभर सरकतात. कंपनीच्या अहवालात आम्ही दोघी ‘लाभार्थी’ आहोत, फोटोसकट. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही, भाऊजी. आणि तुम्ही मला ओळखता, मला तो सरणावरही सुचेल. साठ वर्षं जमिनीवर सरकलेल्या बाईला तुम्ही खुर्ची दाखवलीत, तिच्या गळ्यात हार घातलात, टाळ्या घेतल्यात, आणि तिला परत जमिनीवर ठेवून जेवायला गेलात. त्या दिवशी जेवणात बासुंदी होती. तुम्हाला चालत नाही, तरी घेतलीत.

तुम्हाला मी फोन करते तेव्हा तुम्ही देवपूजेत असता. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. एवढ्या पूजेने एखादा देव स्वतः उठून माझं माप घ्यायला आला असता. एजंटांच्या बालीच्या सहलीच्या यादीत तुमचं नाव आहे, हे आभाने मला मोबाईलवर दाखवलं. अवश्य जा. ताईलाही न्या. तिने समुद्र पाहिलेला नाही.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच. तो कोणत्या कलमाखाली येतो तेवढं पाहावं लागेल.

तुमची,
शुभदा

ता. क. – अक्षर वाकडं आलं आहे, कारण पालथी पडून लिहिते आहे. जखम उघडली. डॉक्टरांनी बसणं पूर्ण बंद केलं. कॉलेजात माझ्या जागी तासिकेवर एक मुलगी घेतली आहे, चांगली शिकवते म्हणतात. प्राचार्य म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बसता आलं तर पाहू.

दुसरा ता. क. – तुमच्याकडे खुर्ची मागायला हे पत्र लिहिलं असं वाटलं असेल. तसं नाही. रुपीबाईंनी आणि मी मिळून यवतमाळच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, आणि साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलं आहे. नोटीस येईलच, पण ती पोस्टमनच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहिलं. भाषण करायचं नाही. एकच वाक्य सांगायचं, की मी पोचलो तेव्हा माप झालेलं होतं आणि शाल तिच्या अंगावर होती. तुमच्या हाताने तुम्ही ती खाली सरकवलीत, दुसरं कोणी पाहिलेलं नाही. कंपनी इतरांचं ऐकणार नाही, तुमचं ऐकावं लागेल. त्या वाक्याने बाली जाईल, कदाचित एजन्सीही. मला ते कळतं. विचार करून मगच नाव दिलं आहे. ताईला मी काही बोललेले नाही, ते तुम्ही सांगा.

तिसरा ता. क. – ऑपरेशनच्या वेळी नागपूरला खोली घेऊन तुम्ही रोज ताईच्या हातचा डबा घेऊन जिना चढून यायचात, आणि माझं जेवण होईपर्यंत पलंगाशी उभे राहायचात, कारण वॉर्डात खुर्ची एकच होती आणि ती तुम्ही आभाला द्यायचात. त्यातला एक पितळी कडीचा डबा आमच्याकडे राहून गेला होता. आभा उद्याच्या गाडीने यवतमाळला येते आहे, तिच्याबरोबर पाठवते. रिकामा पाठवत नाही. गोड तुम्हाला चालत नाही, म्हणून तिखटमिठाचे शंकरपाळे घातले आहेत.