छायाच्या दातांची तार

अमळनेर, जून १९९१

ती. लीलाधरभाऊंस धाकट्या कमलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला दोन्ही आता ताळ्यावर आले असतील, अशी आशा करते.

आमच्या छायाचे पुढचे दात एकावर एक चढलेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पोरगी तोंडावर हात धरल्याशिवाय हसायची नाही. उत्तर येत असूनही वर्गात उभी राहायची नाही. शेवटी तिला जळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई दात उपटत नाहीत, सरकवतात! (मला आधी थट्टाच वाटली.) यांनी मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या ऐटीत विचारलं, "ताई, इतलं शिकीसन नुसता दातच सरकावतस का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आधी सगळी दातांची डॉक्टरी शिकले. मग दात ओळीत आणायचं शिक्षण पुन्हा काही वर्षं वेगळं घेतलं." तार हळूहळू ओढते तसं दाताच्या पुढचं हाड विरतं आणि मागे नवं भरतं म्हणे. भाऊ, हाडाला बाजूला व्हायला लावणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली!

तार बसली आणि बघायला सगळी गल्ली लोटली. शेव बंद, भाजलेली कणसं बंद, छाया खिचडीवर. पण यांना धीर कुठला? दात सरकताना दिसेनात, म्हणून एका सकाळी यांनी पकड घेतली आणि तार 'जराशीच' आवळली. तार तुटली, गाल सोलला. छाया रडली आणि हे तिच्याहून जास्त रडले. तसेच जळगावला पळालो. बाई रागावतील म्हणून हे बाहेर रसवंतीवर लपून बसले (तीन ग्लास प्यायले), तर बाईंनी आत बोलावून घेतलं. "अभिमनभाऊ, फार जोर लावला तर दाताचं मूळ झिजतं. किती जोर लावायचा नाही, हेच तर मी शिकले." यांनी कान पकडले. त्या दिवसापासून हे बाईंचं नाव काढलं की हात जोडतात.

दीड वर्षानं, परवा तार निघाली. बाईंनी आरसा दिला. छाया बघत राहिली, मग खदखदून हसली आणि तिचे दोन्ही हात मांडीवरच होते. हे मात्र उगाच पंख्याकडे बघत बसले.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कमल

ता. क. छाया दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. आता दातांचीच डॉक्टर होईन म्हणते. धुळ्याला अकरावी सायन्सला घालायची आहे, राहायला तुमच्याकडे. पाठवू का, असं विचारणार होते. पण हे पत्र तिच्याच हाती दिलं आहे.

ता. क. दुसरा. पत्र जरा लांबवलं, ते तुम्ही वाचून संपवेपर्यंत वहिनींनी तिची पेटी आत घ्यावी म्हणून.