हलता सूर

४ ऑगस्ट

ती. स्व. दादांस,
धाकट्याचा कृ. सा. न. वि. वि.

वहिनींचे गुडघे आणि तुमचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे एक अजबच घडलं आहे. बसून वाचा.

एका दिग्दर्शिकाबाईंना जुन्या बाजारात माझी रेकॉर्ड सापडली. होय, तीच. एकेचाळीस वर्षांपूर्वी विजेवरची गिटार, बासरी आणि पाण्याने भरलेल्या बरण्या घेऊन आम्ही तिघांनी केलेली, तुम्ही नोकरीला होतात त्या रेकॉर्डच्या कारखान्यात तुमच्याच हातांनी यंत्रावर दाबून काढलेली आणि पुढे कोणीही विकत न घेतलेली. बाईंनी तिच्यातलं नदीचं गाणं सिनेमात घातलं. नायिका रिकाम्या घरातून चालत जाते आणि मागे माझा आवाज. तरुण मुलं त्या गाण्यापायी खुळावली आहेत. या प्रकाराला म्हणे ‘सायकेडेलिक लोकसंगीत’ म्हणतात. आम्हाला तेव्हा नुसतंच ‘तिघे खुळे’ म्हणत.

सगळ्यांना आवडतो तो माझा हलता सूर, पाण्याखालून आल्यासारखा वर-खाली होणारा. ज्या दोषापायी मी गाणं सोडलं तोच आता गुण ठरला आहे. तीस तारखेला सिनेमाच्या खेळाआधी मी मंचावर ते गाणं गावं, असा आग्रह आहे. मी होकार दिला. लेक रोज सराव करून घेते. तुमचा आशीर्वाद हवा.

लोभ आहेच, तो थोडा वाढवावा.
गुणगुण्या


११ ऑगस्ट

चि. गुणगुण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या वहिनींचे गुडघे बरे आहेत. माझ्या रागाची चौकशी तू करू नयेस.

वृत्त वाचून संतोष झाला. तथापि वडीलकीच्या नात्याने दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. तू सदुसष्ट वर्षांचा आहेस. ज्याने सारी उमर पाणीपुरवठा कचेरीत मीटर वाचण्यात घालवली, त्याने एकाएकी मंचावर उभे राहणे शोभत नाही. सिनेमावाल्यांना आज हे आवडते, उद्या ते आवडेल. तरी नकार कळवावा.

कारखान्याचा उल्लेख केलास म्हणून लिहितो. मी तेथे तेहतीस वर्षे काम केले. माझ्या पाळीतील माल दोष निघून परत आला, असे एकदाही घडले नाही. निरोपाच्या दिवशी मालकांनी हे सर्वांसमक्ष सांगितले होते.

ममता आहे, असे समजून असावे.
तुझा,
दादा


१७ ऑगस्ट

ती. स्व. दादांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लेकीला दाखवलं. ती म्हणाली, काकांच्या अक्षरात एक काना इकडचा तिकडे होत नाही, चौथीच्या मास्तरांचा धाक अजून गेलेला दिसत नाही. नकाराचं मात्र मी मनावर घेतलं नाही, रागावू नका.

काळजी वेगळीच आहे. तो हलता सूर काही केल्या येत नाही. मान हलवून पाहिली, गळा आवळून पाहिला, छातीवर मुठी मारत गायलो. लेक म्हणते, बाबा, पुन्हा सरळच गायलात. त्यापायी घसा सुजला. डॉक्टरांनी तंबी दिली आहे की हे असंच चाललं तर आवाज कायमचा बसेल. पण शब्द दिलेला आहे.

तुम्हाला आठवतं का? नवी रेकॉर्ड ऐकून मी धावत तुमच्याकडे आलो होतो. विचारलं होतं, दादा, मी खरंच असा गातो? तुम्ही म्हणालात, “यंत्र खोटं बोलत नाही. तुझाच सूर हलतो.” त्या दिवसापासून मी गायलो नाही. तेव्हा जे नकळत होत होतं ते आता जीव तोडून का होऊ नये? त्या काळात मला सर्वांत जास्त तुम्हीच ऐकलंत. मी ते कसं करत होतो, आठवत असेल तर कळवा. तेरा दिवस उरले.

माया पातळ होऊ देऊ नका.
गुणगुण्या


२२ ऑगस्ट

चि. गुणगुण्यास,

तुला आशीर्वाद देण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा नाही, हे पत्र वाचून तू ठरवावेस.

सराव आजच थांबव. तुझा सूर कधीही हलत नव्हता.

ज्या खुंटीवर तबकडीचा साचा बसतो, ती त्या आठवड्यात झिजली होती. त्यामुळे साचा केसभर सरकला आणि तबकडीचे भोक मध्यभागी न पडता किंचित बाजूला पडले. अशी तबकडी फिरते तेव्हा प्रत्येक फेऱ्यात सूर चढतो आणि उतरतो. मला हे कळले तेव्हा तीनशे तबकड्या निघाल्या होत्या. त्याच महिन्यात मी पाळीप्रमुख होणार होतो. तीनशे नग मोडीत काढले असते तर ते पद दुसऱ्यास गेले असते. माल परक्याचा असता तर मी तो मोडीत काढला असता. भाऊ काय तक्रार करणार आहे, असा विचार मी केला.

पुढे तू विचारलेस आणि मी उत्तर दिले. ते खोटे आहे, हे देतानाच मला ठाऊक होते. तू गाणे सोडशील असे वाटले नव्हते. सोडलेस, तेव्हा आठवड्याभराने सांगू असे ठरविले. त्यानंतर सांगणे अधिकाधिक कठीण होत गेले. तुला मंचावर जाऊ नको असे लिहिले तेही भीतीपोटीच.

ध्वनिमुद्रणाची मूळ फीत आता अस्तित्वात नाही. परंतु तुझ्याजवळ एखादी तबकडी असल्यास असे करावे. गोल कानशीने मधले भोक थोडे मोठे करावे. खाचांना धक्का लागू देऊ नये. तबकडी लावून सुईचा दांडा पाहावा. तो डावीउजवीकडे झुलत असल्यास तबकडी किंचित सरकवून पुन्हा पाहावे. दांडा स्थिर होईपर्यंत हेच करावे. घाई करू नये. नंतर ऐकावे.

याहून अधिक लिहिण्याची माझी योग्यता नाही.
तुझा थोरला भाऊ


२७ ऑगस्ट

दादा,

पत्र मिळालं.

काल भोक मोठं केलं. मी दांड्यावर नजर ठेवली आणि रेकॉर्ड लेकीने सरकवली. अकराव्या वेळी दांडा स्थिर झाला.

सव्वीस वर्षांचा एक मुलगा गात होता. सरळ, स्वच्छ, कुठेही न डगमगता. लेकीने विचारलं, बाबा, हा कोण? आपला सूर हलतो, तो तिच्या कानांवर पडू नये, म्हणून तान्हेपणी तिला जोजवतानाही मी गायलो नव्हतो. ते मात्र कानशीने दुरुस्त होणार नाही.

दिग्दर्शिकाबाईंना सांगितलं की मी सरळ गाईन. त्या म्हणाल्या, लोक त्या हलत्या सुरासाठी येणार आहेत, त्यांचा हिरमोड होईल. मी म्हटलं, होऊ दे. कारण सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. घसा अजून बरा नाही, दोन कडवी निघाली तरी पुष्कळ.

तुमच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवायला सांगितली आहे. गाणं झाल्यावर मला भेटायला येऊ नका. मला इतक्यात तुमच्याशी बोलता येणार नाही, आणि लोभाविषयी दोन शब्दही आज लिहवत नाहीत. पण मी गात असताना तुम्ही समोर बसलेले हवे आहात.

तुमचा धाकटा भाऊ