बिनतुपाची मुलुखिया

दमनहूर, ९ सप्टेंबर १९९३

चि. शाहिनाझ हिला आजीकडून दोन्ही हातांनी आशीर्वाद. वि. वि.

नेहमीप्रमाणे मी बोलते आहे नि तुझे आजोबा लिहिताहेत. म्हणजे ज्याची तक्रार, त्याच्याच हाती लेखणी. (एक शब्दही गाळलेला नाही. – आजोबा)

छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी यांचं तूप, मीठ, तळण सगळं तोडलं. तू धाडलेल्या कृती यांनीच वाचून दाखवल्या, मयताच्या घरी वाचावं तशा सुरात. ताअमियाचे वडे न तळता भट्टीत भाजले. हे म्हणाले, भिंतीची भोकं बुजवायला बरे आहेत. बस्बूशाच्या रव्याच्या वडीत पाकाऐवजी खजूर आणि तुपाऐवजी दही घातलं. ती मी आणि मांजरानं संपवली, मांजरानं थोडीच. (मांजर शहाणं आहे. – आ.)

थट्टा पुरे. पोरी, हे जेवतच नाहीत. दोन घास घेऊन ताट सारतात. पायघोळ गलाबिया खुंटीला टांगल्यासारखी अंगावर लोंबते. औषधं उपाशीपोटी चालत नाहीत. रांधायचं आणि झाकून ठेवायचं, पुन्हा रांधायचं आणि झाकून ठेवायचं. शीण हाडांत उतरलाय.

लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझी आजी
अदीला

आस्वान, १७ सप्टेंबर

ती. आजीच्या हातांना ओठ लावून सलाम. वि. वि.

पुढची ओळ आजोबांनी मोठ्यानं वाचावी: न खाणाऱ्या म्हाताऱ्यांना इस्पितळात नळीनं भरवतात, आणि आमच्या वॉर्डात ते काम माझ्याकडे आहे.

आजी, मुलुखियाच्या पाल्याची पातळ भाजी करून बघ. तिला ते नाही म्हणायचे नाहीत. कोंबडीच्या पाण्यावरचा तवंग काढून टाक. फोडणीला तूप नको. लसूण नि धणे कोरडे भाजून वरून घाल. मला रजा मिळत नाही, म्हणून कागदावरूनच ओरडते आहे. तूही दोन घास खात जा.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी
शाहिनाझ

दमनहूर, ३० सप्टेंबर

चि. शाहिनाझला आशीर्वाद. वि. वि.

आज लेखणी खालच्या मजल्यावरच्या उम्म वग्दीकडे आहे, कारण गोष्ट नेहमीच्या कारकुनापासून लपवायची आहे.

कोरडा लसूण मुलुखियात टाकला. चुरचुर नाही, वास नाही. फोडणी पडताना बाईनं दचकल्यासारखा हाऽऽ करून श्वास ओढायचा, नाहीतर मुलुखिया बेचव होते, हे मला आईनं चापट देऊन शिकवलं होतं. पण बिनतुपाच्या फोडणीला काय दचकायचं? नाही ओढला. तर हे बाहेरून विचारतात, आत कोणी मेलंय का, श्वास कसा ऐकू आला नाही! ताट तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी तोच बेत, तोच कोरडा लसूण, पण असा श्वास ओढला की उम्म वग्दी घाबरून वर आली. यांनी ताट भाकरीनं पुसून खाल्लं. वर म्हणतात, आज तूप सढळ पडलंय!

आता मी मसुरीच्या सुपालाही श्वास ओढते. मसुरीसाठी एवढं आजवर कोणी केलं नसेल. नवऱ्याला फसवण्यात इतका दम जातो हे आधी ठाऊक नव्हतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ओट्याला धरून उभी राहते. पण ताट रिकामं येतं.

हे पत्र आपल्यातच ठेव, आणि मलाही मनात ठेव.

आजी

दमनहूर, १४ ऑक्टोबर

चि. शाहिनाझला आशीर्वाद. वि. वि.

उम्म वग्दी एका ओळीला एक चहा पिते, म्हणून जुना कारकून परत ठेवलाय. हे नीट जेवतात. गालावर थोडं मांस आलंय. का जेवतात ते विचारू नकोस, अल्लाची कृपा म्हण. मी जरा थकले आहे, बाकी ठीक.

मायेला खंड नको.

आजी

ता. क. – ती चुलीवरचं बघायला गेली आहे, म्हणून घाईत लिहितो. तूप नाही हे मला पहिल्या घासाला कळलं. चव शेवाळ्याच्या पाण्याची. पण ती श्वास ओढते आणि मग किती तरी वेळ आतून भांड्याचा आवाजही येत नाही. मी ताट सारलं तर उद्या आणखी जोरात ओढेल, म्हणून खातो. हे तिला सांगू नकोस. एवढंच लिही की हृदयाच्या रोग्याच्या घरात कोणी दचकलेलं चालत नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. श्वासाशिवायही ताट पुसून खाईन, शब्द देतो. – आजोबा