दुबईच्या कागदावरचा रांजण

बाबूजी, तुम्ही नको म्हणालात ते मी केलं. आपल्या रांजण मार्क्यासाठी मी दुबईवाल्यांशी भांडले, इथेच भोकरदनला मिरचीच्या अंगणात बसून, कागदावर कागद पाठवत. त्याचा निकाल आज सकाळी आला. तो शेवटी सांगेन. आधी सगळं ऐकून घ्या, कारण हयात असताना तुम्ही माझं बोलणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नाहीत. अर्ध्यातच 'समजलं, समजलं' म्हणून हात हलवायचात आणि समजलेलं काहीच नसायचं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मध्येच उठून जायची सोय नाही. घरात आपण मारवाडी बोलायचो, पण रागवायची वेळ आली की तुम्ही मराठीवर यायचात, आणि तीही बाजारातली, माल घेऊन आलेल्या माणसांशी बोलायची. म्हणून मीही मराठीतच लिहिते आहे. मी रागावलेली आहे, हे त्यावरून ओळखा.

तो दिवस तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतो. कॉलेज संपवून मी नुकतीच परत आले आहे. अंगणभर लाल मिरचीचे ढीग, भोवती देठ खुडायला बसलेल्या बायका, तोंडाला पदर बांधलेल्या, आणि दाराशी खुर्ची टाकून तुम्ही. मी ट्रेडमार्कचा अर्ज आणला होता. दोन दिवस बसून भरला होता, रांजणाचं चित्रही पेन्सिलीनं नीट काढलं होतं. तुम्ही चष्मा न लावताच कागद पाहिलात आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "कागद कोण खातंय? लोकं मिरची खातेत. मार्का मालात ऱ्हातो." मी म्हटलं, उद्या कुणी आपला रांजण त्याच्या पोत्यावर छापला तर? "छापू दे. दादाजीनं दुकानापुढं रांजण ठिवला तो येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाणी प्यावं म्हणून. त्याला कधी कुलूप लावलं का? मंग तू काहून लावून राह्यली?" बायका हसल्या, तुम्ही हसलात. मग अर्ज चहाच्या कपाखाली ठेवलात. तुम्ही उठलात तेव्हा माझ्या पेन्सिलीच्या रांजणावर कपाचा ओला गोल उमटला होता. मी तो कागद फाडला आणि आत जाऊन पोळ्या लाटायला बसले, आणि मांनं माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

पाणी कुणीही प्यावं, कबूल. पण रांजणच उचलून कुणी आपल्या दारात नेऊन ठेवला तर? हे उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं तेव्हा तुम्ही नव्हतात.

तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आत मी इथली नोंदणी करून घेतली. भैयाला सांगितलंही नाही, त्यानं पुन्हा तुमचंच वाक्य ऐकवलं असतं. प्रमाणपत्र आलं तेव्हा फ्रेम करून दुकानात लावलं, आणि तिथे मी तुमच्याइतकीच चूक केली, हेही सांगून टाकते. मला वाटलं, झालं. सरकारचा शिक्का आहे म्हणजे रांजण आता जगात कुठेही आपलाच. इथल्या बाजारापुरती पोती बंद करून मी मिरचीपुडीचं काम सुरू केलं, कांडप यंत्र आणलं, पाकिटं छापून घेतली, पाकिटावर तोच रांजण. दुबईला तुमचा माल घेणाऱ्या जुन्या सेठांकडे मात्र तुमच्या वेळेसारखीच खडी, न दळलेली मिरची पोत्यांतून जात राहिली. ते गेले, त्यांचा मुलगा गादीवर बसला, त्यानं दोन हंगाम माल घेतला आणि मग फोन उचलणंच सोडलं. मी म्हटलं, नाही घेत तर नाही. तिकडे दुकानं काही एकच नाहीत. दुसरा व्यापारी शोधला, त्याला पुडीचे नमुने आवडले, आणि माल निघायच्या आधी त्याचाच फोन आला. म्हणाला, रांजणाच्या चित्रासाठी इथे दुसऱ्यानंच अर्ज केला आहे, जाहीरही झाला आहे. हरकत घ्यायची तर महिन्याच्या आत घ्या, नाहीतर तुमचीच पाकिटं इथे नकली ठरतील. अर्ज कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती.

मी सेठांच्या मुलाला फोन लावला. दुसऱ्या नंबरवरून लावला म्हणून उचलला. अगदी अदबीनं बोलला, तेच जास्त लागलं. "दीदी, छापा तो आपके बाबूजी ने खुद दिया था. हमने चुराया थोड़े ही है?" आणि वर म्हणाला, तुम्ही कोऱ्या पोत्यांत माल पाठवा, आम्ही पूर्वीसारखा घेऊ. बाबूजी, कोऱ्या पोत्यांत. दादाजींची मिरची, बिननावाची. नव्या व्यापाऱ्याकडून मी तिकडे विकलं जाणारं रांजण छापाचं पाकीट मागवून घेतलं. वरचा रांजण हुबेहूब आपला, काठाला बारीक चीर आहे तीसुद्धा, म्हणजे पोत्यांवर मार्का उमटवायच्या तुमच्याच पत्र्याच्या छाप्यावरून उतरवलेला. आतली पूड मी बोटावर घेतली तर बोट पाण्यानं धुतल्यावरही लालच. रंग घातलेला होता, आणि बिया आणि देठ सरसकट दळलेले. ज्या देठांसाठी आपल्या अंगणात एवढ्या बायका दिवसभर बसतात, ते देठ. मार्का मालात राहतो म्हणाला होतात ना? मग सांगा, त्या पाकिटात तो कुठे होता.

भैया म्हणाला, "जाऊ दे ना. मार्क्याची गिऱ्हाईकं इकडं खूप पडलीत, तिकडं कोरा माल देऊन टाक." मी ऐकलं नाही. हट्टी आहे असं तुम्ही म्हणायचात, तर तो हट्ट काही मी बाजारातून आणला नव्हता.

संभाजीनगरला एक वकीलबाई गाठल्या, याच कामातल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत माझी फ्रेम भिंतीवरून उतरवली म्हणायला हरकत नाही. म्हणाल्या, ज्या देशात विकायचं त्या देशात नोंदवायचं, इथला कागद तिथे नुसता पुरावा म्हणून लावता येतो. मग आम्ही तिकडे हरकत घेतली, आपलाही अर्ज टाकला आणि पुरावे गोळा करत सुटलो. जुनी पत्रं, माल पाठवल्याच्या पावत्या, दुकानाचा तो फोटो ज्यात तुम्ही पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे आहात. सगळ्यात पक्का पुरावा मांकडे निघाला. गच्चीवर मुगाच्या वड्या वाळवायला ती इतकी वर्षं जे पोतं अंथरत होती, त्यावर आपला मार्का होता, आणि खाली गावाचं नाव. ते मी तिच्याकडून मागून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "धुऊन देते." मी म्हटलं, धुऊ नको. वड्यांच्या पिठासकट ते पोतं दुबईच्या कचेरीत गेलं.

पण वकीलबाईंचं एका जागी अडलं. छापा तुम्ही दिलात, हे मुलगा सांगत होता आणि आपल्याला ते नाकारता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "कशासाठी दिला? काही अट घातली होती? कायमचा दिला असेल तर रांजण त्यांचाही झाला, असं ते म्हणणार. त्या वेळी तिथे कोण होतं?" तिथे चार माणसं होती. तुम्ही, सेठ, मी आणि हसनाबादच्या मावशी, ज्या तुमच्या काळापासून देठ खुडायला येतात. त्यातले दोघे आता नाहीत.

तो दिवस मी वकीलबाईंना सांगितला तसाच तुम्हाला सांगते. सेठ पहिल्यांदाच आपलं गाव पाहायला आले आहेत. मांनं गट्ट्याची भाजी केली आहे, बाजरीची भाकरी आणि वर ठेचा. सेठांच्या डोळ्यांतून पाणी येतंय आणि ते अजून ठेचा मागतायत. तुम्ही इतके खूश की स्वतः उठून वाढताय, जे तुम्ही घरात कधीच केलं नाहीत. जेवण झाल्यावर अंगणात येऊन ते सांगतात की बोटीतून येता येता पोती फाटतात, नव्या पोत्यांत माल भरावा लागतो, मग मार्का नसल्यामुळे गिऱ्हाईक घ्यायला कां-कूं करतं. तुम्ही एक क्षणही विचार करत नाही. खिळ्यावरचा पत्र्याचा छापा काढता, दादाजींनी कातरून घेतलेला तो, आपल्या उपरण्यानं त्याची निळी शाई पुसता आणि दोन्ही हातांनी त्यांना देता. तुमच्या तळव्यांना निळं लागलेलं. मावशी ढिगाजवळ खुडत बसलेल्या, मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला कौतुक वाटलं होतं बाबूजी, खोटं कशाला सांगू. माझे वडील किती मोठ्या मनाचे, असंच वाटलं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, दुसरा साक्षीदार मिळाला तर बरं. मी मावशींना विचारलं. त्यांचे हात थांबले नाहीत. "मी तिथंच व्हते बाई. मालकानं पत्रा काढून दिल्ता, ते पाह्यलं. बोलले काय ते न्हाई ऐकू आलं." मी म्हटलं, मावशी, आठवून बघा, आपला माल जाईल तोवरच वापरा असं काहीतरी म्हणाले असतील. त्या म्हणाल्या, "म्हणले असतील. पण मी न्हाई ऐकलं. लिव्हायचंच असंल तर जेवढं पाह्यलं तेवढं लिव्हा." तेवढं लिहून काही उपयोग नव्हता. त्यांचं शपथपत्र केलंच नाही, माझं एकटीचं केलं.

जालन्याला नोटरीसमोर सही केली. मग त्याचं अरबीत भाषांतर झालं, त्यावर शिक्के, आणि त्या शिक्क्यांवर आणखी शिक्के. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या त्या ओळींत कुठेतरी तुमचं वाक्य आहे, हे मी बोट ठेवून विचारलं तेव्हा भाषांतर करणाऱ्यानं दाखवलं. मग नुसती वाट पाहणं. मधे एक अख्खा हंगाम गेला. नव्या व्यापाऱ्यानं दुसरीकडून माल घेतला, भैया माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला, निम्मी पाकिटं पडून राहिली. तरीही मी कोरं पोतं एकदाही पाठवलं नाही.

आणि आज निकाल. त्याचा अर्ज नामंजूर. आपला मंजूर. रांजण आपला राहिला बाबूजी, भोकरदनचा राहिला, आणि त्या मुलाला त्याची पाकिटं बाजारातून उचलावी लागतील. कागदाला हसलात ना तुम्ही? त्या कागदानंच तो परत आणला. तुम्ही दोन्ही हातांनी दिलात आणि मी एका सहीनं काढून घेतला. याबद्दल मी तुमची माफी मागणार नाही. रंग घातलेली पूड दादाजींच्या नावानं विकली जात असताना मोठ्या मनानं बसून राहायचं, हे मला जमलं नसतं आणि जमू नयेच. वकीलबाईंनी फोनवर वाचून दाखवलं की निकालात माझ्या शपथपत्राचा खास उल्लेख आहे. छापा अटीवर दिला होता, आणि त्यांनी आपला माल घेणं थांबवल्यावर ती परवानगी संपली, असं त्यात धरलं आहे.

शपथपत्रात मी असं लिहिलं आहे, की माझ्या वडिलांनी माझ्यासमोर सांगितलं, आमचा माल येतोय तोवरच हा छापा वापरा. मला त्या दिवसाचं सगळं आठवतं, हे तुम्ही वर वाचलंतच. तुमचं वाक्यही आठवतं. सेठ म्हणाले, पुढच्या खेपेला परत आणून देतो. आणि तुम्ही म्हणालात, "ठिवा सेठ, बिलकुल ठिवा. परत आणायचा न्हाई."

म्हणून हे पत्र कुठे जाणार नाही. फाइलमध्ये नाही, मांच्या हाती नाही, तुमच्या फोटोमागेही नाही. पुन्हा वेळ आली तर मी हीच सही करीन, हे तुम्हाला तोंडावर सांगते. फक्त एक झालं आहे. अंगणात तुमच्या जागी मी खुर्ची टाकून बसायचे, ती सही केल्यापासून आत घेतली आहे. मावशी तिथे समोरच खुडत असतात. कुणी विचारलं तर सांगते, मिरचीनं खोकला येतो. मला मिरचीनं कधीच खोकला येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांनाही.