नाताळाच्या चौदा पायऱ्या

१ डिसेंबर, सकाळी ७.१०

निश्चय केला. यंदाचा नाताळ संपूर्ण माझ्याकडे. झाड, सजावट, केक, जेवण, भेटवस्तू, सांताक्लॉज, भांडी. सगळं. बायको आपल्याच घरात पाहुणी म्हणून बसेल. पाण्याचा ग्लाससुद्धा उचलायचा नाही.

कारण असं की गेल्या वर्षी नाताळच्या जेवणात ही ताटापुढे बसल्या बसल्या झोपली. हातात चमचा तसाच. धाकट्याने तिच्या कानात वाटाणा घातला तरी जागी झाली नाही. मला ते फार लागलं. त्याच क्षणी मी ठरवलं होतं. सांगायचं राहिलं, ते आज नाश्त्याला सांगितलं.

हिने विचारलं की सगळं म्हणजे खरंच सगळं का. म्हटलं, सगळं. थोरलीने (वय सहा, स्वभाव साठीचा) ते लिहून मागितलं. लिहून दिलं, खाली सही केली.

मग हिने सांगितलं की तिच्या बहिणीने चोवीस-पंचवीसला तिकडे बोलावलंय आणि चोवीसला दुपारी बारापर्यंत काय ते कळवायचंय. म्हणजे माझी तयारी झाली तर नाताळ आमच्या घरी, नाही तर साडूच्या घरी.

साडू दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना गोड खाऊ नका म्हणून दटावतो आणि घरी जाऊन तीन थरांचा केक करतो. याला मी दुटप्पीपणा म्हणतो. सासूबाई याला हुशारी म्हणतात. नाताळ साडूकडे होणार नाही म्हणजे नाही. त्यापेक्षा मी अक्कलदाढ काढून घेईन, तीही दुसऱ्या डॉक्टरकडून.

२ डिसेंबर, ऑफिसात

कामाला लागलो. माझ्यासारख्याला हे अवघड नाही. आमच्या कारखान्याची कपाटं-टेबलं सुटी सुटी खोक्यात जातात आणि सोबत एक कागद जातो: पायरी १, पायरी २, चित्रं, बाण. तो कागद मी लिहितो. अकरा वर्षांत माझ्याकडे एकही तक्रार आलेली नाही. (तक्रारी दुसऱ्या मजल्यावर जातात.)

तर नाताळचंही जोडणी-पत्रक काढायचं. एकूण चौदा पायऱ्या. नियम आमचा नेहमीचाच: एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. लोकांची कपाटं डुगडुगतात ती या उतावळेपणामुळेच.

६ डिसेंबर

पत्रक तयार. चार दिवस लागले, पण चित्रं अप्रतिम उतरली आहेत. साहेबांनी पाहिलं आणि तीनदारी कपाटाचं पत्रक कुठवर आलं असं विचारलं. काही माणसांना नजरच नसते.

फ्रिजवर लावलं. ही बराच वेळ बघत होती. मग चौदाव्या चित्रातल्या, खुर्चीवर आरामात बसलेल्या बाईला तोंड का नाही, असं तिने विचारलं. आमच्या पत्रकांतल्या माणसांना तोंड नसतं, कंपनीची पद्धत आहे, असं मी समजावलं. ती बरं म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. (रोजची कामं पत्रकात येत नाहीत. ती पूर्वीप्रमाणे चालू.)

८ डिसेंबर

पायरी १: सर्व भाग मोजून घ्या. माळ्यावरून खोकी काढली. झाडाच्या फांद्या ६१. चकाकणारे गोळे ४३. गेल्या वर्षी ४४ होते, खोक्यावर लिहिलंय.

एक गोळा कमी असताना पुढे जाणं मला शक्य नाही.

१० डिसेंबर

अजून ४३. सोफा उलटा केला. फ्रिज सरकवला. ही मधूनमधून म्हणत होती की त्रेचाळीस पुष्कळ झाले. आमच्या धंद्यात ‘पुष्कळ झाले’ असं काही नसतं.

सायं. ६.००. चव्वेचाळिसावा सापडला. धाकट्याच्या गमबुटात. हिला झाडू मारताना मिळाला, एका मिनिटात. पण मी आधीच बाकी सगळ्या जागा बाद करून ठेवल्या होत्या, म्हणून तर तिला इतकं सोपं गेलं.

१२ डिसेंबर

पायरी २: झाड. फांद्यांच्या टोकांना कारखान्याने रंग लावले होते, लाल खाली, निळा वर असं. अत्यंत गावठी पद्धत. ते सगळे रंग थिनरने पुसून काढले आणि त्यावर आकडे घालणार, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. कपाटाबद्दलच. परत आलो तर धाकट्याने एकसष्टच्या एकसष्ट फांद्यांची गादी करून तीत उडी मारली होती.

अंदाजाने जोडलं. झाड खाली बारीक आणि वर भरगच्च झालं आहे. थोरली म्हणाली, उलटं आहे. मी तिला दाखवून दिलं की यामुळे खाली भेटवस्तूंना भरपूर जागा राहते. तोल जातो, म्हणून पडद्याच्या दांडीला बांधून टाकलं. आता पडदा सरकत नाही, पण उजेड येतो आहे.

१४ डिसेंबर, रविवार

पायरी ३ (सजावट) सकाळी उरकली. दुपारी पायरी ४: केकची रंगीत तालीम. मिश्रण उत्तम झालं होतं. घोडं अडलं ते ओव्हनच्या पुस्तिकेपाशी. पाचवा मुद्दा सहाव्याच्या नंतर आणि चित्रातला बाण भलतीकडे! असलं लिखाण मला बघवत नाही. केक भाजत होता तेवढ्यात मी पुस्तिका नव्याने लिहायला घेतली. ‘ओव्हनवर सतत लक्ष ठेवावे’ हे वाक्य लिहीत असतानाच धूर आला.

मधला भाग ठीक होता. धाकट्याने आवडीने खाल्ला. (तो खडूही खातो. तरी.)

साडूने म्हणे केकसाठी सुकामेवा ऑक्टोबरातच भिजत घातला. एवढा मोकळा वेळ असलेल्या माणसाकडे मी दात दाखवणार नाही.

१६ डिसेंबर, सायं. ७.००

पायरी ५: सांताची तालीम. ऑफिसातून लाल पोशाख आणला, कापसाची दाढी लावली आणि बाथरूममधून हसत हसत बाहेर आलो. धाकट्याने जो सूर लावला तो पाऊण तास. शेजारच्या आजी चौकशीला आल्या, मला पाहून त्याही दोन पावलं मागे सरल्या.

थोरली मात्र माझ्या पायांकडे बघत होती. नंतर तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली की तिने चपलांवरून ओळखलं होतं, पण आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल.

१७ डिसेंबर

धाकट्याने लाल रंगाची धास्ती घेतली आहे. टोमॅटो पाहून रडला. हिचा लाल स्वेटर कपाटात वर ठेवावा लागला. झाडावरचे सतरा लाल गोळे उतरवले, म्हणजे पायरी ३ पुन्हा अपूर्ण. नियमाप्रमाणे मागे आलो. काही हरकत नाही. पाया पक्का हवा.

१९ डिसेंबर

सतरा गोळे हिरवे रंगवत होतो. साहेबांनी बोलावून सांगितलं की बावीस ते चोवीस मी ऑफिसात लागेन, कपाट बाजारात जातंय. म्हटलं, मी तर रजेवर असणार. त्यांनी विचारलं की अर्ज कुठे आहे. अर्ज ही पायरी ९ आहे. मी तिसरीवर होतो. हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी हात टेकले.

निदान चोवीसला अर्धा दिवस सोडतो म्हणाले. अर्ध्या दिवसात माणूस जिद्दीने काय नाही करू शकत!

२२ डिसेंबर, सायं. ८.१५

जेवणानंतर हिने सहज विचारलं की मुलांच्या भेटवस्तूंचं काय. पायरी ११, मी म्हणालो. आज कितवी, तिने विचारलं. सहावी, मी अभिमानाने सांगितलं, कारण सकाळपर्यंत पाचवी होती.

धुतलेले दोन ग्लास तिने परत धुतले. लग्नाला आठ वर्षं झाली, मला हिचं मन वाचता येतं. उत्सुकता लागली आहे तिला.

२३ डिसेंबर

कपाटाचं पत्रक. दिवसभर कपाट. घरी आल्यावर पायरी ६ (मेणबत्त्या) पूर्ण, पायरी ७ (खिडक्यांची सजावट) अर्धी. झाड एकदा पडलं, दांडीसकट. ही पलंगाखाली काहीतरी सरकवत होती. काय ते विचारलं तर म्हणाली, आवरतेय.

दमलेली दिसते. दोनच दिवस, मग पाहुणी.

२४ डिसेंबर, दु. १२.०५

साडेअकराला धावत घरी आलो. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, घड्याळाखाली. मी रिपोर्ट दिला: निम्म्या पायऱ्या जवळजवळ पूर्ण. राहिलं काय? जेवण, केक, भेटवस्तू आणि किरकोळ. दुपारभर रेटलं तर रात्रीपर्यंत सहज जमेल, फक्त तिने मुलांकडे बघावं, भाजी चिरून द्यावी, आणि पटकन दुकानात जाऊन यावं.

बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हे काहीतरी चुकतंय. पण तोवर बोलून झालं होतं.

तिने बहिणीला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. हो, येतायत. नाही, चार नाही, तीन.

तीन! म्हणजे ती दोन्ही मुलांना घेऊन जाणार आणि मी एकटा इथे, या झाडाबरोबर. तरी चेहरा करारी ठेवला आणि म्हणालो की ठीक आहे, मी माझं बघेन.

ती म्हणाली की तुम्ही तिघं जा. उद्या संध्याकाळी सातला या. ती घरी राहणार.

मी विचारलं, मग इथे तुझं करणार कोण? यावर ती इतकी हसली की तिला दाराला धरावं लागलं.

२४ डिसेंबर, सायं. ५.००, साडूकडे

मेहुणीची तत्परता वाखाणण्यासारखी. बाराला फोन झाला, तीनला आम्ही पोचलो, तर तीन गाद्या घालून तयार. मुलांच्या भेटवस्तू कागदात गुंडाळलेल्या, त्यांवर हिच्या अक्षरात नावं. नोव्हेंबरातच आणून ठेवल्या होत्या म्हणे. थोरलीने सांगितलं की आमची बॅगसुद्धा रविवारपासून भरलेली होती, पलंगाखाली, पण तिला सांगायची बंदी होती.

हिची दूरदृष्टी मला नेहमीच आवडते. वेळ पडलीच तर सोय असावी, एवढाच विचार असणार.

साडूने लाल स्वेटर घातला आहे. धाकटा गेला तासभर त्याच्या मांडीवर बसून त्याला आपले दात मोजायला देतो आहे. मला बटाटे सोलायला दिले. त्यासाठी कुठलाही कागद दिला नाही, तोंडी सांगितलं.

२५ डिसेंबर, दुपारी

केक खाल्ला. चांगला होता. हे फक्त इथे लिहितो आहे.

मुलं खूश. मीही होतो, पण जेवताना शेजारची खुर्ची नव्हतीच मांडलेली, तिकडे सारखं लक्ष जात होतं. हिला दोनदा फोन केला. उचलला नाही. तिसऱ्यांदा मेहुणीने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाली की भाओजी, झोपू द्या हो तिला.

२६ डिसेंबर, सकाळी ८.००

काल सातला परत आलो. खरं म्हणजे पावणेसातला, पण थोरलीने पंधरा मिनिटं जिन्यात बसवून ठेवलं. आईने सात सांगितलंय म्हणाली.

दार उघडलं. ही सोफ्यावर, पायांवर पांघरूण, केस मोकळे, बाजूला टोस्टची बशी. गालावर उशीची वळी उमटलेली. मुलं तिच्यावर जाऊन आदळली आणि तिने त्यांना असं कवटाळलं की जणू महिन्याभराने भेटतेय. मलाही जवळ बोलावलं. किती दिवसांनी हिचा चेहरा नीट पाहिला मी. ही मुळात इतकी छान दिसते, हे मी विसरूनच गेलो होतो.

अकरा तास झोपले म्हणाली. मग आंघोळ केली आणि आंघोळ संपेपर्यंत दारावर कोणीही थाप मारली नाही. मग परत झोपले. लग्नानंतरचा सगळ्यात सुंदर नाताळ झाला, असं म्हणाली. म्हणताना डोळे भरून आले होते तिचे.

मी विचारलं की त्यातलं सगळ्यात काय आवडलं. प्रामाणिक बाई आहे, तिने खरोखर विचार केला. मग म्हणाली की तुम्ही गेल्यावर कडी लावली, तो आवाज.

आज सकाळी कामाचा अहवाल लिहायला बसलो. उद्दिष्ट: पत्नीस संपूर्ण विश्रांती. निष्पत्ती: शंभर टक्के. माझा सहभाग: घरी नव्हतो.

वाईट वाटलं. पेन ठेवून तिच्याकडे गेलो आणि पुढच्या वर्षी मी खरंच सगळं वेळेत करीन असं सांगायला तोंड उघडलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाली की काही करू नकोस, पुढच्या वर्षीचं तिने बहिणीला कालच सांगून टाकलंय.